रोगी, विद्यार्थी आणि शिकण्याची तऱ्हा



वैद्यकाचे शिक्षण म्हटले की जाडजूड ग्रंथ पाठ करणारा विद्यार्थी आपल्या डोळ्यांपुढे येतो. आधी शरीररचना, मग औषधे आणि रोगी सर्वांत शेवटी! १९६९ साली कॅनडातील हॅमिल्टन येथे मॅकमास्टर विद्यापीठाने हा क्रम उलटा केला. विद्यार्थ्यांच्या लहानशा गटापुढे प्रथम रोगी ठेवावयाचा, मग तो कागदावरचा का असेना. समजा, एका गृहस्थांना जिना चढताना धाप लागते आणि संध्याकाळी त्यांचे पाय सुजतात. का? या एका प्रश्नातून हृदय, मूत्रपिंड, औषधे सारे शिकावयाचे. जे ठाऊक नाही ते प्रत्येकाने शोधून आणावयाचे. शिक्षकाने उत्तर सांगावयाचे नाही. वाट तेवढी सुटू द्यावयाची नाही. १९७४ मध्ये नेदरलँड्समधील मास्त्रिख्त येथेही ही पद्धती स्वीकारली गेली.

पण ही पद्धती सर्वांना मानवेल काय? कोणी आधी करून पाहतो, कोणी दूर बसून न्याहाळतो. कोणाला तत्त्व हवे, कोणाला उपयोग. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड कोल्ब यांनी अशा चार तऱ्हा सांगितल्या. त्यावरून पुष्कळांनी ठरविले की, ज्याची जशी तऱ्हा तसे त्याला शिकवावे. ऐकावयास हे गोड आहे. परंतु २००८ मध्ये हॅरोल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरावा तपासला, तेव्हा अशा जुळणीने शिक्षण सुधारते असे म्हणण्याइतका आधार त्यांना मिळाला नाही.

मग या तऱ्हांचे करावयाचे काय? माझे म्हणणे असे की, त्यांची शिक्के म्हणून किंमत शून्य, पण गटात किंमत मोठी. धीट विद्यार्थी ‘हृदयविकार!’ म्हणून मोकळा होतो. कोपऱ्यातला अबोल विद्यार्थी हळूच विचारतो, ‘लघवी तपासली का?’ कारण मूत्रपिंड बिघडले तरी पाय सुजतात. त्या अबोलाला ‘याला चर्चा मानवत नाही’ म्हणून सोडून दिले, तर तो प्रश्न कोण विचारणार? म्हणून चर्चा चालविण्याचे व टिपून घेण्याचे काम पाळीपाळीने प्रत्येकाकडे आले पाहिजे.

आपल्याकडेही २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याची रोग्याशी लवकर गाठ घालून देण्यावर भर आहे. तेव्हा एवढेच ध्यानात ठेवू या: रोगी डॉक्टरच्या आवडत्या तऱ्हेने आजारी पडत नाही. एक बोलतच नाही, दुसरा थांबतच नाही. डॉक्टरला दोघांचेही ऐकावे लागते. ते ऐकणे विद्यार्थ्याने सोबत्यापासूनच शिकावयास हवे.