दोष दिसतो कोठे, असतो कोठे

दौंड-मनमाड मार्गावर श्रीरामपूर शहरात जे रेल्वेस्थानक आहे, त्याच्या पाटीवर नाव मात्र बेलापूरचे आहे. तेथे उतरलेल्या नवख्या माणसास बेलापूर काही दिसत नाही. प्रवरेकाठचे ते गाव तेथून काही मैल दूर आहे. पाटी एके ठिकाणी आणि गाव दुसऱ्या ठिकाणी, हा प्रकार त्या भागातील लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे. रेडिओच्या दुरुस्तीस नव्याने हात घालणाऱ्याने हीच गोष्ट प्रथम ध्यानात धरावी. आवाज बंद पडतो तो स्पीकरात. बिघाड बहुधा अन्यत्र असतो.

बेलापुरापासून मुंबई सरळ रेषेने सुमारे २०० किलोमीटर आहे. इतक्या दूरच्या केंद्राची लहर एरियलपर्यंत पोचते तेव्हा अगदी क्षीण झालेली असते. म्हणून हौशी मंडळी एरियल आणि रेडिओ यांच्यामध्ये एक छोटा प्रीअँप्लिफायर, म्हणजे पूर्ववर्धक, बसवितात. एखाददुसरा ट्रान्झिस्टर, काही रोधक व संधारित्रे आणि ९ व्होल्टची बॅटरी, एवढाच त्याचा संसार. नवशिक्या पहिल्याप्रथम हेच यंत्र जुळवितो, आणि ते चालले नाही की आधी ट्रान्झिस्टर बदलतो, मग संधारित्र बदलतो. वारंवार तापविल्याने पट्टीवरील तांब्याची रेघ सुटते, आणि एका दोषाचे तीन दोष होतात. सुटे भाग स्वस्त मिळतात. परंतु ‘हे काम आपले नव्हे’ असे एकदा मनाने घेतले, की होतकरू मुलगा या विद्येस कायमचा मुकतो. खरे नुकसान ते होय.

यावर उपाय एकच: अंदाजाने काही बदलू नये, वाट अर्ध्यावर तोडून पाहावी. पूर्ववर्धक काढून एरियल थेट रेडिओस जोडावे. जवळचे केंद्र पूर्वीसारखे लागले, तर रेडिओ व एरियल निर्दोष ठरतात. न लागले, तर पूर्ववर्धकास उगाच बोल लावण्यात अर्थ नाही. एका जोडणीने निम्मा संशय फिटतो. मात्र ही तुलना त्याच मिनिटात करावी. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या उंच थरांवरून परावर्तित होऊन दूरवर जातात. सकाळचे ऐकणे रात्रीच्या ऐकण्याशी ताडून पाहिले, तर निष्कर्ष फसवा निघतो.

दोष पूर्ववर्धकातच आहे असे ठरल्यावर बॅटरी तपासावी, आणि तीही यंत्र चालू असताना. थकलेली बॅटरी मोकळी असता पुरे ९ व्होल्ट दाखविते आणि भार पडताच खाली बसते. त्यानंतर भिंगाने डाख पाहावेत. निस्तेज, दाणेदार डाख संशयास्पद समजावा. मग मल्टिमीटरने ट्रान्झिस्टर पाहावा. नेहमीच्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरात बेस व एमिटर यांत सुमारे ०.६ व्होल्टचा फरक असावा. कलेक्टरवर रोधक असून तेथे बॅटरीइतकाच दाब मिळाला, तर ट्रान्झिस्टरातून प्रवाह वाहत नाही असे समजावे. परंतु रोधकाऐवजी वेटोळे असेल, तर तोच आकडा निर्दोषपणाचा असतो. म्हणून मंडलाचा नकाशा समोर ठेवल्यावाचून आकड्याचा अर्थ लावू नये. प्रत्येक आकडा वहीत टिपावा.

कधी यंत्र मुके नसते, उलट शीळ घालते. अशा वेळी आत येणारी व बाहेर जाणारी तार एकमेकींपासून दूर ठेवावी. बाहेर आलेला संकेत पुन्हा आत शिरत असतो. कधी नुसती खरखर वाढते आणि नवशिक्यास वाटते, यंत्र चालू लागले! पूर्ववर्धक केंद्राबरोबर विजेचे दिवे व चार्जर यांचा गोंगाटही वाढवितो, आणि त्यात स्वतःची भर घालतो. क्षीण केंद्राचे शब्द अधिक स्पष्ट कळतात काय, हीच त्याची परीक्षा.

येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे. हा अभ्यास बॅटरीवरील यंत्रावरच करावा. जुन्या व्हॉल्व्हच्या संचात २०० व्होल्टहून अधिक दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरही तो संधारित्रांत काही काळ टिकून राहतो. तेथे जाणत्या माणसावाचून हात घालणे जिवावर बेतते. एरियल विजेच्या तारांजवळून नेऊ नये. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच ते रेडिओपासून सोडवावे.

हे सारे बालबोध वाटेल. परंतु बेलापुरापासून सरळ रेषेने सुमारे ८० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने जी महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली, तेथेही हाच विचार आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेनांवर पूर्ववर्धक अगदी मुखाशीच असतो. कारण क्षीण संकेत लांब तारेत आणखी हरवला, तर मागाहून कितीही वाढविला तरी परत मिळत नाही.

आणि काटेकोर नोंदीचे फळ पाहावयाचे असेल, तर कार्ल जान्स्की याचे उदाहरण घ्यावे. अमेरिकेत रेडिओ-दूरध्वनीतील खरखर कोठून येते हे शोधण्याचे काम त्याच्याकडे होते. वादळांचा आवाज वेगळा काढल्यावरही एक मंद सळसळ उरली, आणि ती रोज सुमारे ४ मिनिटे लवकर येई. तारेही रोज तितकेच लवकर उगवतात. १९३३ साली त्याने जाहीर केले, की ती सळसळ आकाशगंगेतून येते. यंत्रातील बिघाड म्हणून त्याने ती सोडून दिली असती, तर रेडिओ-खगोलशास्त्राचा हा आरंभ हातचा गेला असता.