मार्चमधली सुट्टी : दोघांसाठी वेळास

ठाण्याच्या कोलशेतमधल्या शेजारच्या घरांत मार्चमध्ये परीक्षांची गडबड असते. घरात दोघंच असाल, तर शाळेच्या वेळापत्रकाची अट तुम्हाला नाही. मग मे महिन्याच्या गर्दीची वाट का पाहायची? आमची शिफारस आहे मंडणगड तालुक्यातल्या वेळासची.

नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. 2002 मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांसोबत ही कासवं जपायला सुरुवात केली. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती अलगद काढून कुंपणाच्या आत वाळूत पुरतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी त्यांना पाण्यापासून थोडं अलीकडे सोडतात. ओल्या वाळूवर इवले पाय मारत ती स्वतःच लाटेपर्यंत जातात. बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे थांबा, फ्लॅश लावू नका. पिल्लं रोज निघतीलच असं नाही, म्हणून आधी गावात फोन करा आणि शक्यतो दोन रात्रींचा मुक्काम ठेवा. तोही आठवड्याच्या मधल्या वारी, म्हणजे गर्दी कमी.

राहणं गावकऱ्यांच्या घरीच, जेवण साधं आणि फार चवदार. माणगाव, म्हसळामार्गे बागमांडल्याला पोहोचलात, की जेटीवरून गाडीसकट बोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेळासच्या बाजूला जाता येते. परतीची शेवटची बोट किती वाजता, ते उतरतानाच विचारून ठेवा.