कायम नोकरी गेली कोठे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पिंपरी-चिंचवडपासून चाकण, तळेगाव आणि रांजणगावपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात बेकारीच्या प्रश्नावर बोलायचे, हे पुष्कळांना विसंगत वाटते. जेथे कारखान्यांच्या फाटकांवर कामाच्या पाट्या लागतात, तेथे बेकारी कसली, असे ते विचारतात. हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, म्हणूनच त्याचे उत्तर आपणाजवळ तयार असले पाहिजे.

प्रथम सरकारी आकडेच घेऊ. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीप्रमाणे देशातील बेकारीचे प्रमाण २०१७-१८ साली ६.१ टक्के होते. २०२३-२४ साली ते ३.२ टक्क्यांवर आले. सत्ताधाऱ्यांनी याचा पुष्कळ गवगवा केला. परंतु त्याच पाहणीत असेही नमूद आहे की, या काळात काम करणाऱ्यांपैकी स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेले आणि नियमित पगार मिळविणाऱ्यांचे प्रमाण २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर उतरले. घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनमोबदला राबणारी माणसेही स्वयंरोजगारातच धरली जातात. याचा अर्थ उघड आहे. गरिबाला रिकामे बसणे परवडत नाही. मिळेल ते काम तो करतो आणि आकडेवारीत त्याची गणना रोजगार मिळालेल्यांत होते. बेकारी हटली नाही, तिने वेष पालटला आहे.

औद्योगिक पट्ट्यातील तिचा वेष म्हणजे कंत्राटी काम. पिंपरीत १९५४ साली सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि मोटारी, स्कूटर व त्यांचे सुटे भाग बनविणारे उद्योग या माळावर उभे राहिले. खेड्यातून आलेला तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिके, शिकाऊ उमेदवार म्हणून लागे आणि कालांतराने कायम होई. त्या एका नोकरीवर भावंडांची शिक्षणे होत आणि गावाकडची विहीरही बांधून होई. ही शिडी आज मोडली आहे. शिकाऊ, प्रशिक्षणार्थी, मुदतबंद, कंत्राटी अशी नावे बदलतात. माणूस तोच राहतो आणि कायम मात्र होत नाही. राज्य सरकारने २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तीत शिक्षणाप्रमाणे दरमहा सहा, आठ किंवा दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले आणि मुदत होती प्रारंभी सहा महिन्यांची! मुदत संपल्यावर पुढे काय, याचे उत्तर योजनेत नव्हते.

हे आपोआप घडलेले नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचा हेतू बारमाही कामातून कंत्राटी पद्धत दूर करण्याचा होता. त्याखालील १९७१ च्या केंद्रीय नियमांत समान कामास समान वेतनाची तरतूद होती. परंतु कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ मालकाच्या सेवेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात दिला आणि १९९६ चा स्वतःचाच कामगारांना अनुकूल निर्णय रद्द ठरविला. तेव्हापासून बंदी मागणाऱ्या कामगारापुढे नोकरीच गमावण्याचे भय उभे राहिले. कारखाना बंद करण्यास सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १९८२ च्या दुरुस्तीने ३०० कामगारांवरून १०० वर आणली होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा ३०० वर नेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता अंमलात आल्या आहेत.

यातच तंत्र बदलत आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीत पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, धुराडे नाही. हे भाग घडविणाऱ्या लहान कारखान्यांतील कामगारांचे काय होणार? यंत्राला आपला विरोध नाही. यंत्राचा लाभ मालकाला आणि त्याची झळ कामगाराला, या वाटणीला आपला विरोध आहे.

आता एक कटू गोष्ट. कायम कामगारांच्या कित्येक संघटनांनी कंत्राटी कामगाराला आपला मानलेले नाही. एकाच पाळीत, शेजारी उभे राहून तेच काम करणाऱ्याचे नाव वेतनकरारात नसते. आपली नोकरी सुरक्षित आहे, या समजुतीने कायम कामगार गप्प राहतो. परंतु दरवर्षी निवृत्त होणाऱ्याची जागा कंत्राटाने भरली जाते, आणि ज्या दिवशी संघटना संपाची हाक देते त्या दिवशी तिच्यावाचून कारखाना चालू राहू शकतो, हे तिला कळते. कंत्राटी कामगाराला दूर ठेवणे हे अनुदारपणाचे आहेच, शिवाय ते आत्मघातकीही आहे.

परप्रांतीयांना हाकला म्हणणे सोपे आहे. परंतु बिहारचा मजूर गेला म्हणून कंत्राट जात नाही. त्या जागी बीडचा किंवा नांदेडचा मुलगा त्याच तुटपुंज्या मजुरीवर उभा केला जातो.

मग करावे काय? मार्ग महाराष्ट्रानेच दाखविला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने विखुरलेल्या हमालांसाठी त्रिपक्षीय मंडळे निर्माण केली. मालक आणि कामगार या दोघांचीही तेथे नोंदणी होते. मालक मजुरी आणि लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस देते. १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठीही असाच कायदा झाला. जे पाठीवर पोती वाहणाऱ्यांसाठी शक्य झाले, ते यंत्रावर काम करणाऱ्यांसाठी अशक्य का असावे? औद्योगिक पट्ट्यातील कंत्राटी कामगारांसाठी असे मंडळ हवे, ही आपली मागणी असली पाहिजे. म्हणजे ठेकेदार बदलला तरी कामगाराची नोंद, सेवेची वर्षे आणि निधी बुडणार नाही. कायम नोकरीला हा पर्याय नव्हे. त्या लढ्यासाठी पाय रोवायला मिळालेली ही जमीन होय.

माथाडींना हा कायदा कोणी दान दिला नाही, संघटित होऊन त्यांनी तो मिळविला. म्हणून येथून गेल्यावर प्रत्येकाने आपल्या विभागातील कंत्राटी कामगारांच्या खोल्यांवर जावे, कोण किती वर्षे कोणत्या ठेकेदाराकडे आहे, मजुरी किती मिळते, निधी भरला जातो की नाही, याची यादी करावी. मागणीपत्रक त्या यादीतून तयार होईल. आणि त्यावर पहिली सही कायम कामगाराची असावी.