पोरीची वाट
(महिला मेळाव्यातील भाषण)



मागे शिबिरात एक डॉक्टरबाई सांगत होत्या, मुलांनी शाळेत चालत जावं. ५ ते १७ वयाच्या मुलांची रोज सरासरी ६० मिनिटं चांगली हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मागे बसलेल्या सेनगावकडच्या एक मावशी हसल्या. म्हणाल्या, "आमची पोरगी शाळेच्या आधीच तेवढी चालती, बाई. डोक्यावर हंडा घेऊन."

मावशींच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं चार किलोमीटर. जायला तास, यायला तास. त्याआधी पाण्याच्या खेपा, आल्यावर भांडी. भाऊ तीच वाट चालतो, पण घरी दप्तर टाकून खेळायला पळतो. तिची हालचाल दुप्पट आणि खेळ काहीच नाही. याला व्यायाम म्हणायचं का?

तरी चालणं मुलींना नको आहे, असं नाही. हसत, बोरं पाडत जातात. तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा. "पोरीचे पाय दुखतात" म्हणून शाळा सोडवतात, पण विचारत गेलं की दुसरंच निघतं. फाट्यावरची टपरी. पावसाळ्यातला ओढा. सोबतीणीचं लग्न झालं, ही एकटी उरली.

शिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंत १ आणि आठवीपर्यंत ३ किलोमीटरच्या आत शाळा हवी. नववीला तो कायदा संपतो, आणि वाट तिथंच लांबते. मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी बस आल्या, सायकली आल्या. त्यानं फरक पडला, हे मान्यच. पण २०२१ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा बसच्या भरवशावरच्या पोरी पुन्हा त्याच वाटेवर आल्या. काही घरीच बसल्या.

आणि सायकल? एका घरी ती दारात दिसेना. "भाऊ नेतो रानात," आई म्हणाली. मी काही बोलले नाही, चहा पिऊन उठले. कागदावर मात्र "सायकल मिळाली" अशी खूण केली. त्याची लाज अजून वाटते.

येत्या सोमवारी आम्ही मुलींबरोबर ती वाट चालणार आहोत. ओढा, टपरी, झुडपं, सगळं लिहून ग्रामसभेत ठेवू. साडेनऊला पारावरून निघायचं. येणाऱ्यांनी नावं द्या. चप्पल जरा धड घाला.