वारा पाठीवर असतानाच परतीचा विचार

आम्ही मालवणकडच्या एका बचत गटातल्या बायका. पर्यटकांना होडीतून किनारा दाखवायचा धंदा सुरू करण्याआधी आम्ही स्वतःच एक दिवस फिरून आलो. मालवण ते निवती आणि परत, असा बेत होता. त्या दिवसाने काय शिकवलं, ते आज सांगतो.

फेब्रुवारी महिना होता. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, त्यामुळे सकाळी किनाऱ्यालगतचं पाणी संथ होतं. उजवीकडे सिंधुदुर्ग किल्ला, डावीकडे तारकर्ली, मग देवबाग आणि कर्ली नदीचं मुख, असं करत मजेत गेलो.

ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे येतात. या दिवसांत आपल्याकडे ते बहुधा वायव्येकडून येतात. आम्ही दक्षिणेला चाललो होतो, म्हणून वारा पाठीवर होता. पाठीवरचा वारा जाणवत नाही. होडी पळते, अंगावर पाणी येत नाही. तोच वारा परतताना तोंडावर येतो, पाणी उडतं, डिझेल जास्त जळतं.

निवतीला जेवण होईपर्यंत लाटांच्या माथ्यावर ठिकठिकाणी पांढरा फेस दिसू लागला. वारा ताशी वीसेक किलोमीटरच्या पुढे गेला की असं होतं. तांडेलकाका म्हणाले, "वारो वाढलो." त्यात ओहोटी लागलेली. नदीचं पाणी बाहेर पडतं आणि समोरून वारा येतो, तेव्हा मुखाशी लाटा उंच आणि उभ्या होतात. आम्हाला तिथूनच जायचं होतं.

एकीचं तान्हं बाळ घरी सासूबाईंजवळ होतं. "हळूहळू जाऊया, संध्याकाळपर्यंत पोचू," असं दोघी-तिघी म्हणाल्या. पण निघतानाच आमचं ठरलं होतं, की एकीनेही नको म्हटलं तर जायचं नाही. बाळाची आईच म्हणाली, "उशीर होऊदे, पण एसटीने जाऊया." होडी तिथेच ठेवली. कुडाळमार्गे घरी पोचायला रात्र झाली. घरी बोलणी खाल्ली, तिकिटाचे पैसे गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे वारा पडल्यावर काकांनी होडी आणली.

त्यानंतर गटाने काही नियम केले. सकाळी लवकर निघायचं, वारा चढायच्या आत परतायचं. डिझेलचा एक भाग जाण्याला, एक येण्याला आणि एक शिल्लक. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर होडी सोडायचीच नाही. लाईफ जॅकेट साडीवरून, पदर आत खोचून, पट्टे आवळून घालायचं. होडीत सगळ्यांनी एका बाजूला उठायचं नाही. कुठे जातो आणि कधी येणार, हे किनाऱ्यावर एकीला सांगून जायचं. वेळेत आलो नाही तर तिने तटरक्षक दलाला 1554 वर फोन करायचा.

तुमच्या गावाला समुद्र नसेल, पण धरणाच्या पाण्यातून लाँचने बाजाराला जात असाल, तर तिथेही वारा असतोच. येत्या बैठकीत एवढं एकच ठरवा: "नको" म्हणायचा हक्क होडीतल्या प्रत्येकीला आहे, आणि तसं म्हणणारीला घाबरट म्हणायचं नाही.