पालखीच्या वाटेवरची कला

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला जाताना बारामती, इंदापूर तालुक्यांतून जाते, तेव्हा इथले रस्तेच चित्रफलक होतात. आधी रस्ता लख्ख झाडून घेतात. मग चिमटीतून रांगोळीची बारीक रेघ सुटते आणि विठ्ठल, वीणा, तुळशीवृंदावन डांबरावर उमटतं. काटेवाडीत परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो. तिथंच मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडी आणि इंदापूरला अश्वांचं गोल रिंगण रंगतं. रस्त्यावरच्या या रांगोळीच्या कलेला ना तिकीट, ना दालन; ती सगळ्या गावाची असते. यंदा पालखी आली की मुलांच्या हातीही रांगोळी द्या. शेजारी बसून, पाहून, गिरवूनच ही कला पुढच्या पिढीकडे जाते.