तेरची पांढरी आणि रामलिंगप्पा लामतुरे



संयोजकांनी मला ‘आपल्या भागाचा इतिहास’ हा विषय दिला. वेळ थोडा आहे, म्हणून एकाच माणसाविषयी बोलतो: तेरचे कै. रामलिंगप्पा लामतुरे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत सागरी व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली, ‘पेरिप्लस’. लेखकाचं नाव मिळत नाही. झाडांच्या डिंकाविषयी लिहिताना तो सहज ‘आमच्या इजिप्तमध्ये’ म्हणून जातो, त्यावरून देश कळतो. त्याने तगर नावाचं मोठं शहर नोंदवलं आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट. तिथलं कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई. हे तगर म्हणजे जुन्नर की देवगिरी, असा वाद बरीच वर्षं चालला. १९०१ मध्ये फ्लीट यांनी ते आपलं तेर असल्याचं दाखवून दिलं.

पण कागदावर सिद्ध झालं म्हणून गावाला काय? तेरणाकाठच्या टेकाडांची पांढरी माती माळवदांवर पडतच होती. पाऊस झाला की मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या उघड्या पडत. लामतुरे यांनी त्या वेचल्या, जपल्या. गोरोबाकाकांच्या गावात खापरीची किंमत कळणारा माणूस निघावा, हे मला फार शोभून दिसतं! त्यांच्या संग्रहातूनच आजचं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहा. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई शहरात सापडली आहे.

एक गोष्ट मात्र खरी. वेचलेली वस्तू कोणत्या थरातली, हे वस्तू सांगत नाही. त्यासाठी रीतसर उत्खनन लागतं. चापेकरांनी ते १९५८ मध्ये केलं. तरीही माझ्या मते लामतुरे यांचं काम दुय्यम ठरत नाही. उत्खननाचे खड्डे मोजक्या जागी. बाकीचं टेकाड बैलगाडीने, पुढे ट्रॅक्टरने चाललं होतं.

आपल्यापैकी कुणाच्या घरी आजीच्या डब्यात असे मणी असतील, तर ते संग्रहालयात नेऊन दाखवा. आणि कोणत्या शेतात, कोणत्या बांधाजवळ सापडले, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवा.